खणाआडचा पाऊण तास

सव्वादहा वाजले तरी फोनवर अंधारच दिसत होता. कौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, जळकोटला एकट्या राहायच्या. त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवलेला होता. रोज सकाळी नऊला, अंघोळीच्या आधी, त्या त्यावर ओटीत आलेला एखादा खण टाकून चिमटा लावायच्या आणि पाऊण तासानं, लुगडं नेसून, देवपूजा उरकून, तो काढायच्या. मी मुरुमला शिक्षिका. फोनमध्ये खण निघालेला बघायचा आणि मगच वर्गात शिरायचं, ही माझी सवय. त्या दिवशी पावणेदहा झाले, दहा झाले... शेवटी शेजारच्या रजियाभाभींना फोन लावला. आत्यांच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असायची. थोड्या वेळानं खण बाजूला झाला, पडद्यावर भाभींचा चेहरा आला आणि कानात आवाज, "मंगलताई, मावशी उठंनात. श्वास चालू हाय, पण उठंनात." तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात आत्या गेल्या. त्याला आता महिना होऊन गेला.

मी मुळातच भित्री, आणि आत्यांना त्याची भारी गंमत वाटायची. "मंगे, तू पोरांना शिकवतीस का पोरं तुला?" असं चारचौघांत विचारायच्या. स्वतः मात्र कुणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. वाकळी शिवून त्यांनी एकटीच्या जोरावर मुलाला, सुधीरदादांना, इंजिनिअर केलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत आजही त्यांच्या हातची वाकळ अंथरली जाते. भीती त्यांना एकाच गोष्टीची होती, पुण्याची. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून मनगट मोडलं, तेव्हा दादा त्यांना घेऊन गेले. अकराव्या मजल्यावर दोन महिने. दादांनी आणि वहिनींनी काही कमी केलं नव्हतं, हे आत्याच सांगायच्या. पण तिथं त्यांचं खाणं सुटलं, बोलणं सुटलं. "माणसं हायती की तिथं, पण समदी दारं लावून बसल्यात," एवढंच परत आल्यावर म्हणाल्या होत्या. दादांनी आणून सोडलं ते अटींवर. खोलीत कॅमेरा, वेळ झाली की वाजणारी गोळ्यांची डबी, दर रविवारी बीपी, आणि दादा, मी, भाभी आणि गावातले डॉक्टर असा फोनवर एक ग्रुप. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट ग्रुपवर टाकायची. "आई, आणखी एकदा पडलीस तर मी तुझं काही ऐकणार नाही. सरळ गाडीत घालीन," असं दादांनी माझ्यादेखत सांगितलं होतं.

आत्यांनी सगळं ऐकलं, फक्त कॅमेऱ्यापुढं लुगडं बदलायला साफ नकार दिला. न्हाणी ओली आणि हातभर रुंद, म्हणून त्या खोलीत येऊन नेसायच्या. "सुनंनं बी मला कधी परकरावर बघितलं न्हाय, ह्या डबीला का दिसू मी?" दादा पुष्कळ समजावून थकले. मग खण आला. सुरुवातीला आत्या तो काढायच्या विसरायच्या आणि आमची तारांबळ उडायची. भाभी पीठ मळता मळता तशाच हातानं पळायच्या. पुढं घडी बसली. सणाला जरीकाठाचा खण असायचा, एरवी साधा. दिवसाचे सव्वातेवीस तास आम्ही त्यांना बघायचो आणि त्या पाऊण तासात देवाला हात जोडून बसायचो. मी तरी बसायचे.

आत्या उठेनाशा झाल्या त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधीच्या एका शनिवारी माझी सकाळची शाळा होती. छोट्या सुट्टीत फोन उघडला, तर चिमटा ढिला होऊन खण एका बाजूला लोंबत होता. अर्धी खोली दिसत होती. बघू नये, हे कळत होतं. मी फोन बंद करणार, तेवढ्यात लुगड्याचा घोळ पायात अडकला आणि आत्या मागं गेल्या. डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. आवाज मला ऐकू आला नाही, पण अजून येतो... कितीतरी वेळ त्या तशाच खाली बसून होत्या. मग दांडीला धरून उठल्या, नेसणं पुरं केलं, आणि तेव्हा त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडं गेलं. त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. आणि हात जोडले.

मी भाभींना फोन करून म्हटलं, जरा चहा घेऊन जा. त्या जाऊन आल्या. "बऱ्या हायती की मावशी, डोक्याला तेल चोळत बसल्यात." संध्याकाळी ग्रुपवर दादांनी विचारलं, आई कशी आहे? मी लिहिलं, छान, सगळं ठीक. त्यांनी अंगठा टाकला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जळकोट गाठलं. कानामागं लिंबाएवढं टेंगूळ होतं. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. डोक्याला लागलंय. डॉक्टरांना दाखवू." आत्यांनी माझं मनगट धरलं. "डागदर ग्रुपवर टाकतो. सुधीर सांजच्याला गाडी घिऊन येतो. मंगे, मला तिथं वर टांगून मरायचं न्हाय. माझ्या खोलीत मरू दे. तू काय बी बघितलं न्हाईस." त्या कधी कुणाकडं काही मागत नव्हत्या. मी ती गोळी डबीत भरली, आठवडाभराची, नेहमीसारखी, आणि परत आले. गोळीबद्दल तरी कुणाला विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे का विचारते ते सांगायला हवं होतं.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आत्या दुपारच्या जास्त झोपू लागल्या. मी पडद्यावर त्यांच्या छातीची हालचाल बघत बसायचे, भात करपेपर्यंत. एकदा त्या खण उलटा लावून बसल्या. एकदा गोळ्यांची डबी वाजत राहिली आणि त्या तिच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. रोज ठरवायचे, आज दादांना सांगते. रोज संध्याकाळी लिहायचे, सगळं ठीक. जसजसे दिवस गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं. आधी आत्यांसाठी भीत होते. मग स्वतःसाठी भिऊ लागले, हे इथं लिहूनच टाकते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो बघितला आणि विचारलं, "मागच्या पंधरा-वीस दिवसांत कुठं पडल्या होत्या का?" दादा पुण्याहून येऊन माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, "नाही. माझ्या माहितीत तरी नाही." दादा खाली बघत होते. मला वाटलं, रडतायत.

मासिकाला आम्ही जळकोटला जमलो. जेवणं झाली, माणसं गेली, भाभी मागं भांडी लावत होत्या. दादा आत्यांच्या खोलीत वाकळींच्या घड्या घालत होते. मी दार लोटलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. चिमटा, दांडी, टेंगूळ, गोळी, सगळं. ते ओरडतील, हात उचलतील, काहीही चाललं असतं. त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

"मी पण बघितलं होतं, मंगल," ते म्हणाले. "ऑफिसात होतो. आईनं हात जोडले... मला वाटलं, मला जोडले. नेलं असतं तर तिथं ती आठ दिवसांत खंगली असती. आणि नेलं नाही आणि काही झालं, तर? मला ठरवता येईना. म्हटलं, तू सांगशील, मग निघतो. संध्याकाळी तू लिहिलंस, सगळं ठीक. मला इतकं हलकं वाटलं त्या दिवशी." मग ती घडी पुन्हा उचलत म्हणाले, "रोज वाटायचं."

आम्ही खाटेच्या दोन टोकांना बसून राहिलो. भाभींनी आत येऊन विचारलं, कॅमेरा काढून ठेवू का.

तो अजून चालू आहे. सकाळी शाळेत शिरण्याआधी मी फोन उघडते आणि रिकामी खाट दिसते, भिंतीपर्यंत, स्वच्छ. दादाही त्याच वेळेला उघडतात, हे आता मला माहीत आहे. आम्ही एकमेकांना काहीच लिहीत नाही.