पाण्याच्या दिवशीची चटणी

माझ्या हातून एका बाईचं मनगट मोडलं. ती माझी मैत्रीण होती आणि मी भांडायला गेले होते ती तिच्याचसाठी. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, बाई मोठी शूर होती. शूर कसली, डोंबलाची!

आमच्या गल्लीत बावीस घरं. पाणी पाच दिवसांनी येतं, त्याचं आम्हा सोलापूरकरांना काही वाटेनासं झालंय. रडणं आहे ते मोटारींचं. नळाला थेट मोटार जोडली की पाइपातलं पाणी आपल्या टाकीत ओढता येतं. एकाने ओढलं की दुसरा ओढतो, तिसरा जास्त जोराची आणतो, आणि शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते, फुस्स करून. शेवटचं घर भाभीचं. नवरा वारलेला, मुलगी मोहोळला दिलेली. एकटी राहायची आणि गल्लीतल्या समद्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मी तिला भाभी म्हणायची, ती मला वैनी. तीस वर्षांचा शेजार. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अंघोळीचं पाणी तिने तापवून दिलं होतं, तेही तिच्या घरच्या पाण्यातून. तेव्हा तिच्या नळाला पाणी येत होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "वैनी, आता बस झालं. दोन-दोन कळश्या मागत किती दारं फिरू? पोरगी बोलती, मोहोळला ये. घर विकून टाकती मी."

मला भावंडं नाहीत. माहेर कधीच संपलं. या बाईशिवाय मी भांडणार कुणाशी आणि रडणार कुणापाशी? मी म्हणाले, "काय विकायबिकायचं न्हाय. मला चार पाण्याची मुदत दे." आमच्याकडे मुदत अशीच मोजतात, पाण्याच्या पाळ्यांवर.

नागरिक मंडळ त्यातून निघालं. गल्लीतले निवृत्त मास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांचं अक्षर चांगलं. मी सचिव, कारण माझा आवाज मोठा. पहिल्या बैठकीला माणसं आली चार: मास्तर, मी, भाभी आणि मी दंडाला धरून आणलेले आमचे मालक. दुसऱ्या बैठकीला मी घरोघर जाऊन सांगितलं. कुणाचा कुकर लावलेला, कुणाची सिरियल सुरू, कुणाचे पाय दुखतात. तिसऱ्या खेपेला गरम भजी ठेवली, तर माणसं आली, भजी खाल्ली आणि "ठराव तुम्हीच करा की, आमची सही समजा," म्हणून हात पुसत गेली. मोबाईलवर ग्रुप काढला, त्यावर रोज सकाळी बावीस घरांतून गुलाबाची फुलं यायची. मेली फुलं! मोटार बंद करा म्हटलं की ग्रुपवर स्मशानशांतता.

मग मला राग आला. माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे, मालक तो आला की चपला घालतात. मी मास्तरांना ठराव लिहायला लावला: पाणी आलं की प्रत्येक घरातला एक माणूस रस्त्यावर येईल, सगळे मिळून गल्लीतून फिरतील, आणि ज्याच्या घरात मोटार ऐकू येईल त्याची मोटार मंडळ जागेवर फोडेल. मास्तर म्हणाले, "फोडेल नको, जप्त करेल लिहू." मी म्हणाले, "फोडेलच लिहा."

आता जे तेव्हा कुणाला सांगितलं नाही ते सांगते. आमच्याकडेही मोटार होती. अर्ध्या हॉर्सपॉवरची, मोरीतल्या फरशीखाली बसवलेली, वर ओलं पोतं टाकलेलं. आमचा धंदा शेंगाचटणीचा. मिक्सरची चटणी मी विकत नाही, उखळातच कुटते. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत हाणायचं. त्या धप्प-धप्प आवाजात मोटारीची घरघर बुडून जायची. म्हणून मी चटणी कुटायची ती पाण्याच्या दिवशी. मनाची समजूत घातली होती की आपली मोटार लहान, बाकीच्यांच्या दीड-दोनच्या. आणि भाभीला दोन कळश्या तर आपणच देतो की! तिचंच पाणी तिला कळशीने देत होते आणि वर माझ्याच मनात माझं कौतुक. आज सांगतानाही कान तापतात.

फेरीच्या दिवशी मी मालकांना बजावलं, आज मोटारीला हात लावायचा नाही. तेवढ्याने मी स्वच्छ झाले. सवयीने सकाळी उखळापाशी बसले होते. अकराच्या सुमाराला "पाणी आलं" अशी आरोळी ऐकली आणि तशीच हातातल्या मुसळासकट बाहेर पडले. लाकडी मुसळ, खाली लोखंडी कडं. ते हातात राहिलं ते राहिलं.

गल्लीत पाहते तर जत्रा. बैठकीला बोलावलं की ज्यांचे पाय दुखत होते ती माणसं गच्चीच्या कठड्यावर चढून बसलेली. मंडळाला जी गर्दी जमवता आली नाही ती भांडणाच्या वासाने जमली. मास्तर पुढे, मी त्यांच्याही पुढे. दुमजली घराशी आलो तर आतून मोठ्याने गाणी लावलेली आणि गाण्यांच्या खाली मोटार घुमतेय. घरवाला दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "पुढं पाऊल टाकलं तर तंगडी मोडीन."

मी त्याच्या काखेखालून आत शिरले आणि मोटारीवर मुसळ घातलं. एकदा, दोनदा. पंख्याचं झाकण उडालं, पाइप निखळला आणि पाण्याची चिळकांडी भिंतीपर्यंत गेली. खरं सांगते, लई बरं वाटलं. चटणी कुटताना जेवढा जोर लावते त्याच्या दुप्पट लावला. मग त्याने माझा दंड पिरगाळून मला रस्त्यावर ढकललं. मालकांनी त्याची गचांडी धरली, त्याच्या भावाने मालकांच्या पाठीत विटकर घातली. मास्तरांचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली कडकन गेला. बायका एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात, पुरुष आईबहिणीवरून शिव्या देतायत, आणि गच्चीवरची पोरंटोरं मोबाईल धरून शूटिंग करतायत. कुणाचा दात पडला, कुणाची साडी फाटली. मला शुद्ध नव्हती. हातात मुसळ होतं आणि समोर दुमजलीवाल्याची बायको होती.

ती ओरडली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! अगं ये सचिवबाई, आदी तुजी मोरी उकर की! तुजं पोतं उचलून दाव समद्यांना!"

तिला कसं कळलं कोण जाणे. पण ते खरं होतं, म्हणून माझ्या डोक्यात रक्त चढलं. खोटं असतं तर मी तोंडाने उत्तर दिलं असतं. खरं होतं म्हणून मी मुसळ उचललं आणि तिच्या डोक्यावर घालायला निघाले. ठार मारलं असतं मी तिला. भाभी कुठून मध्ये आली मला दिसलं नाही. "नक्को वैनी," एवढंच ऐकलं. तिने हात वर केला आणि मुसळ त्या हातावर बसलं. मनगटाचा आवाज झाला तो वाळकी काटकी मोडल्यासारखा.

मी मुसळ टाकून दिलं. तिचा हात मनगटापासून भलत्याच दिशेला लोंबत होता. तोच उजवा हात, शिवणकामाचा. हात तिचा मोडला होता आणि गुरासारखी ओरडत मीच होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने एक्स-रेचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, माझ्या फाटक्या पदराकडे पाहिलं. म्हणाला, "मारामारी आहे का? पोलिसांना कळवावं लागेल."

"न्हाय साहेब," भाभी म्हणाली. "नळापाशी शेवाळ हुतं. घसरले मी."

परतताना रिक्षात तिचा प्लास्टर घातलेला हात माझ्या मांडीवर होता. तिला हसवावं म्हणून म्हणाले, "काय भाभी, तुज्या नळापाशी शेवाळ कसलं? तितं आदी पाणी तरी पडाय पायजे की."

ती हसली नाही. बाहेर बघत म्हणाली, "पाणी कुटं जातं ते ठाऊक हाय मला. तू पाण्याच्या दिवशीच चटणी कुटती, वैनी. इतक्या वर्सांत दुसऱ्या दिवशी कदी कुटली न्हाईस. मी काय भैरी हाय?"

मला धरणी फाटली तर बरं असं झालं. मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस?"

"तुज्यासंगं बी भांडून बसले असते तर दोन कळश्या कुणाकडं मागितल्या असत्या?" ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मोहोळहून मुलगी टेम्पो घेऊन आली. प्लास्टरच्या हाताने कळशी उचलता येत नाही, सुई धरता येत नाही, मग इथे ठेवायचं कुणाच्या भरवशावर? पोरीचं बरोबरच होतं. मी चार पाण्याची मुदत मागितली होती. ती सरायच्या आत मी स्वतःच्या हाताने तिला गल्लीतून काढली. घर विकायला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. भाभीने कुलूप लावलं आणि नेहमीसारखी किल्ली माझ्याकडे दिली, डाव्या हाताने. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती मागे सरली.

पुढच्या पाण्याला मी फरशी उकरली. मालक म्हणाले, "अगं, लोकांत अब्रू जाईल." मी म्हणाले, "असली तर जाईल." मोटार भर गल्लीत आणून ठेवली आणि तेच मुसळ घेऊन तिच्यावर तुटून पडले. लोखंडी कडं निखळून लांब उडालं तरी हाणत राहिले. कुणी शूटिंग केलं नाही. थोड्या वेळाने दुमजलीवाल्याची बायको बाहेर आली. तिने फुटक्या मोटारीच्या जागी आणलेली नवी मोटार माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली. मग आणखी पाच-सहा मोटारी आल्या. सगळ्या आल्या नाहीत, काही घरांत अजून गाणी वाजतात. पण त्या रविवारच्या बैठकीला मास्तरांच्या अंगणात सतरंजी पुरली नाही, लोक उभे राहिले. मंडळ असं भरलं. मास्तर नव्या चष्म्यातून मला म्हणाले, "बघा, शेवटी आली की नाही माणसं?" मला त्यांचं तोंड बघवेना.

त्यानंतरच्या पाळीला मी किल्ली घेऊन शेवटच्या घरात गेले. रिकाम्या घरात नळ सोडला. आधी फुस्स झालं, मग गढूळ आलं, मग धो धो आलं. मी मोहोळला फोन लावला. भाभीने उचलला. मी फोन नळापाशी धरला. पाण्याखाली बादली भरून वाहायला लागली तरी ती ऐकत होती.

शेवटी मी म्हणाले, "भाभी, मी आता पाण्याच्या दिवशी चटणी कुटत न्हाय गं."

ती म्हणाली, "कूट की आता. ऐकाय मी तितं कुटं हाय?"