इथं समुद्र नव्हता

"आधी आरसा कुठं ते सांग." हातावर दगड झालेला शिंपला ठेवला की सर एवढंच म्हणायचे. नाव नंतर.

शिंपल्याच्या दोन झडपांच्या, म्हणजे दोन शिंपांच्या, मधे मनातल्या मनात आरसा धरला आणि एकीत दुसरी दिसली, तर तो आपला नेहमीचा शिंपला. आरसा एकाच झडपेवर मधोमध उभा करावा लागला, तर तो ब्रॅकिओपॉड. प्राणीच वेगळा. सर हे डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून सांगायचे. कँटीनमध्ये खारीवरही त्यांचा अंगठा फिरायचा. आम्ही हसायचो.

मूळचे कन्नड तालुक्याचे, राहायला संभाजीनगरात गारखेड्यात. आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी रोज संग्रहाच्या खोलीत हजर. कच्छचे गोगलगायीसारखे वेटोळे अमोनाईट, तमिळनाडूतले शिंपले, नर्मदेच्या खोऱ्यातले ब्रॅकिओपॉड. सगळं मुलांना घेऊन, हिंडून जमवलेलं.

मग संस्थेनं ठरवलं, ही खोली रिकामी करायची. इथं स्पर्धा परीक्षा केंद्र होणार. खोल्या कॉलेजात काय कमी होत्या? पण डोळ्यात खुपली ती हीच. तुम्हीही असले निर्णय पाहिले असतील.

मी विद्यार्थी संघटनेत. रातोरात पत्रक काढलं: 'मराठवाड्याचा प्राचीन समुद्र वाचवा!'

सरांनी वाचलं. "पुढारीणबाई, कोणता समुद्र?"

"आपला, सर."

"आपला नाय. इथं समुद्र नव्हता. इथं लाव्हा होता. वेरूळ काय शिंपल्यात कोरलंय व्हय?"

"'आपला' म्हटलं की माणसं जमतात, सर. कच्छच्या दगडासाठी कोण येणार?"

"मग नाय येणार," ते म्हणाले आणि ओळ खोडून पत्रक परत दिलं.

संस्थेचे अध्यक्ष खोली बघायला आले तेव्हा आम्ही दारातच घोषणा देत होतो. आत शिरून ते जरा मऊ पडले. अमोनाईट हातात तोलत म्हणाले, "वा! हे आपल्याच जिल्ह्यातलं ना, सर? तसं असेल तर खोली ठेवू. जिल्ह्याचं दालन करू."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी सरांकडे डोळे वटारून बघत होते.

"नाही. कच्छचं आहे," सर म्हणाले. "आपल्याकडं हे सापडायचं नाही. का, ते सांगतो..."

अध्यक्षांना वेळ नव्हता.

जिन्यात मी ओरडलेच. "एक शब्द, सर! एका शब्दानं खोली वाचली असती."

"अन् मग पाटीवर काय लिवलं असतं? कच्छ खोडून खुलताबाद?"

मला त्यांचा राग आला. अजून येतो.

सुट्टीत संस्थेनं कोणाला न विचारता खोली रिकामी केली. सगळे नमुने नव्या सायकल स्टँडच्या भरावात टाकले, मुरूम-विटांबरोबर. सर त्या भरावात भाजीची पिशवी घेऊन उकिडवे बसलेले मला दिसले. एकेक दगड उचलायचे, अंगठा फिरवायचे, पिशवीत टाकायचे. मी शिव्या घालत शेजारी बसले.

"आता कशाला, सर? ठेवणार कुठं?"

"ठेवायचं नंतर बघू. आधी काढायचं. लई वर्षांनी कोणी इथं खोदलं तर म्हणंल, संभाजीनगरला समुद्र होता. तुझं पत्रक खरं ठरायचं, बाई!"

आणि स्वतःच हसले.

रोज संध्याकाळी आम्ही तेच करत होतो. मग एका संध्याकाळी सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गारखेड्यातून निरोप आला, रात्री झोपेतच गेले.

भरलेल्या पिशव्या माझ्या खाटेखाली आहेत. उरलेलं काढायला मी गेले, तर ठेकेदारानं वरून काँक्रीट ओतलं होतं. ओलंच होतं. मला भिंतभर घोषणा लिहायची सवय, पण तिथं कोपऱ्यात बसून खिळ्यानं बोटभर लिहिलं: इथं समुद्र नव्हता.

आता त्यावर मुलं सायकली लावतात. वाचून एखादी थबकते, मैत्रिणीला विचारते, "पण होता म्हणालं कोण?"