पाकिटाची मागची बाजू

चष्म्याच्या दुकानात कसले किस्से साठणार, असं लोकांना वाटतं. किराणा दुकानात साठावेत, एसटी स्टँडवर साठावेत. आमच्याकडं माणूस येतो, डोळे तपासून घेतो, फ्रेम निवडतो, घासाघीस करतो आणि जातो. त्यात किस्सा कुठला?

सांगते. आमचं दुकान लोहाऱ्यात, बाजाराच्या रस्त्यावर. डोळे मी तपासते, काचा माझा नवरा शौकत बसवतो. जवळचा चष्मा तयार झाला की आम्ही गिऱ्हाइकाला म्हणतो, काहीतरी बारीक वाचून बघा. मग माणूस पिशवीत हात घालतो. बाजारातनं आलेली पिशवी! त्यात पुस्तक थोडंच असणार? बिस्किटं, फरसाण, पोरांचा खाऊ. तो पाकीट उलटं करतो, नवा चष्मा नाकावर चढवतो आणि जन्मात पहिल्यांदा मागची बाजू वाचतो.

तिथनं पुढं जे होतं, ते किस्से. दुकानात असते तोवर हसू येतं. घरी जाऊन भाजी चिरायला बसले की माझी सुरी जरा जोरातच चालते.

•

गायकवाड गुरुजी रिटायर्ड आहेत, आणि त्यांना शुगर आहे. त्यांनी चहातली साखर सोडली, पुतण्याच्या लग्नात जिलबीकडं पाठ करून जेवले. एकच लाड ठेवला होता, शुगर फ्री बिस्किटं. "साखरच नाही म्हटल्यावर काय भ्यायचं!" असं म्हणून चहासोबत पुडाच्या पुडा संपवायचे. तरी शुगर उतरेना. डॉक्टर ओरडायचे. घरी काकू ओरडायच्या, "चोरून खाताय तुमी, दुसरं काय न्हाय!" गुरुजी शपथा घ्यायचे. कुणी विश्वास ठेवायचं नाही.

चष्मा न्यायला दोघं आले. गुरुजींनी खिशातनं तोच पुडा काढला आणि वर्गात धडा वाचावा तसे खणखणीत आवाजात सुरू झाले. पहिलाच शब्द मैदा! थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मैदाच होता. मग तेल. मग गोडी आणणारं कसलं तरी लांबलचक नाव. खाली तक्ता.

"शबानाताई, कार्बोहायड्रेट एवढं?"

"हो गुरुजी. अंगात गेलं की त्याचीच साखर होते."

गुरुजी पांढरे पडले. काकू लाल झाल्या. त्यांनी पुडा हिसकावून घेतला, पुढनं बघितला, मागनं बघितला, आणि काउंटरवर आपटला.

"बघा की! काय न्हाय ते पुढं बोंबलून सांगितलंय, आन् काय हाय ते मागं कुजबुजलंय!"

•

तानाजीराव रब्बीची ज्वारी करतात. त्यांची लेक पुण्याला दिली आहे. तिच्याकडनं ते परत येताना तिनं त्यांच्या पिशवीत ज्वारीच्या बिस्किटांचं पाकीट घातलं होतं. पुढं टपोरं कणीस, मागं हिरवंगार शेत. तानाजीराव खूश. दुकानात बसलेल्या प्रत्येकाला दाखवत होते, "आपली ज्वारी बघा, पुण्यात पाकिटात बसली!"

मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी त्यांना येतं. नवा चष्मा लावून वाचायला लागले. मैदा. साखर. पामतेल. बोट खाली सरकत गेलं, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. ज्वारी अगदी तळाला, मिठाच्या जरा वर! कंसात टक्के, तेही चिमूटभर.

"मॅडम," ते म्हणाले, "आमी पोत्यात वर चांगली ज्वारी आन् खाली किडकी घातली, तर आडत्या चारचौघांत आमाला चोर म्हणतोय. पोतं वतून दावायला लावतोय. मंग वर कणसाचा फोटू आन् आत मैदा घालणाऱ्याला काय म्हणायचं?"

आतनं, काच घासता घासता, शौकतनं उत्तर दिलं.

"ब्रँड!"

•

शिंदे कंडक्टर आमच्याच रस्त्यानं तुळजापूरला ड्युटी करतात. त्यांना बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, तर घरातल्या भाजीत, वरणात, सगळीकडं त्यांनी मीठ बंद करून टाकलं. बायको-पोरंसुद्धा अळणी खायला लागली. आणि हा माणूस स्टँडवर गाडी लागली की एक शेवेचं पाकीट फोडायचा! मी टोकलं तर म्हणाले, "न्हाय मॅडम, मी वाचून घेतलंय. सोडियम लई कमी हाय."

"दाखवा."

दाखवलं. आकडा खरंच लहान होता. पण आता नवा चष्मा होता, तेव्हा त्याच्या वरची ओळ पण दिसली. आकडा एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा. आणि पाकिटात सर्व्हिंग किती? अडीच!

शिंद्यांनी कंडक्टरच्या डोक्यानं हिशोब केला. "अडीच. म्हणजे दोन फुल, एक हाफ!"

शौकत हसायला लागला, मीपण हसले. शिंदे हसले नाहीत. "घरात पोरांला अळणी खायला घातलं म्या. आन् इथं अडीच माणसांचं मीठ एकटा खातोय." मग एकदम उसळले, "म्या एका पॅसिंजरचं तिकीट फाडून अडीच मानसं गाडीत बसवली असती, तर आज घरी बसलो असतो! ह्यांच्या गाडीत चेकर कधी चढतो?"

•

आमच्या शेजारी व्यंकटकाकांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. काका माळकरी. कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. शाळा सुटली की पोरं त्यांच्या दुकानावर तुटून पडतात, कारण काउंटरवर रंगीत जेलीची बरणी असते. गरिबाच्या पोराला काका फुकटपण देतात, स्वतःच्या हातानं.

चष्मा लावल्याबरोबर दुसऱ्या मिनिटाला काका बरणी घेऊन परत आले. "शबाना, ही तपकिरी खूण कसली गं?"

तपकिरी म्हणजे मांसाहारी. मी लेबल वाचलं. जिलेटिन. सांगायचं जिवावर आलं, पण सांगितलं, "काका, हे जनावराच्या हाडा-कातड्यातनं काढतात."

काका खुर्चीवर बसले. स्वतःच्या हातांकडं बघत होते. मी पाणी दिलं, ते घेईनात. मग त्यांना वाटलं असावं, निदान शेजारणीचं तरी भलं होईल. म्हणाले, "घेऊन जा, तुझ्या पोरांना दे."

"नको काका. जनावर कोणतं, कसं कापलं, काही लिहिलेलं नाही. आम्हालापण चालत नाही."

काकांनी मान वर केली. "मला चालंना. तुला चालंना. मग ह्यांनी हे बनवलंय कुणासाठी?"

बाहेर शाळा सुटली होती. पोरं काकांच्या काउंटरपाशी उभी राहून हाका मारत होती, "काका, जेली! काका, जेली!"

•

हा छोटासा. चंद्रभागाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत यायच्या. चष्मा लावला आणि नातवाच्या खाऊचं पाकीट डोळ्यांपुढं धरलं. गप्पच. जवळ धरलं, लांब धरलं.

मला धडकी भरली. "आजी, दिसत नाही का?"

"दिसतंय की. मुंगीचं पाय बी दिसतील. पन वाचाया येईना."

"इंग्रजी आहे ते, आजी."

"टीव्हीवर तर घ्या घ्या म्हणून मराठीत वरडत्यात!"

"ते विकण्यापुरतं, आजी."

आजींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग खाणारं लेकरू कुठलं हाय ते त्यांलाच दिसंना झालंय. त्यांला बी एक चष्मा कर. पैसं म्या देते."

•

आता हा एक. हा सांगताना माझा आवाज चढतो, आधीच सांगून ठेवते.

माकणी गावचे आप्पा चष्मा न्यायला आले. सोबत त्यांची सून मैना, तिच्या खांद्यावर दोनेक वर्षांचं पोरगं. पोराला आदल्या दिवसापासनं जुलाब. डॉक्टर दुपारनंतर बसणार होते, म्हणून तोवर सावलीला आमच्याकडं थांबले. मैनेच्या हातात नळी लावलेला एक छोटा पुठ्ठ्याचा डबा. थोड्या थोड्या वेळानं ती नळी पोराच्या तोंडात देत होती.

डोळे बघणं माझं काम. पोराचे डोळे खोल गेले होते. कण्हत रडत होतं, पण डोळ्यांतनं पाणी येत नव्हतं.

"काय देतेस त्याला?"

"जुलाबाचंच औषध हाय, ताई. काल आमच्या मालकांनी पावडर मागितली, तर मेडिकलवाला म्हणला, पावडर कशाला कालवत बसता, हे तयार असतंय, लेकरं आवडीनं पित्यात. कालपासनं दुसरं कायच दिलं न्हाय बगा, ह्येच पाजतीय."

डब्यावर पुढं मोठी अक्षरं, जुलाबाच्या पावडरीवर असतात तसलीच, ओआरएस. मलापण वाटलं, ठीक आहे.

तेवढ्यात आप्पांनी नवा चष्मा चढवला होता. काहीतरी बारीक वाचायचं म्हणून त्यांनी सुनेच्या हातातला तोच डबा घेतला आणि फिरवून कडेची ओळ धरली. इंग्रजी त्यांना जुळवून वाचता येतं, अर्थ लागत नाही. एकेक शब्द जोडत होते.

"नॉट... फॉर... यूज... इन..." थांबले. पुढचा शब्द त्यांना जमेना. "डा... डाय... डायरिया. म्हंजे काय वो, मॅडम?"

मी त्यांच्या हातातनं डबा ओढून घेतला. तेच लिहिलं होतं. जुलाबात देऊ नका. शेजारी साखर किती ते लिहिलं होतं.

"मैना, बंद कर! आधी ते बंद कर!" मी एवढ्या जोरात ओरडले की शौकत हातातली काच टाकून बाहेर आला. त्यानं गाडी काढली, मैनेला पोरासकट मागं बसवलं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठला. आप्पा आणि मी चालत, पळत मागनं.

आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, अंगातलं पाणीच आटलं होतं. माझ्या हातातला डबा बघितला आणि नर्सवर ओरडायला लागल्या, सलाइन आण, लवकर! मैनेला म्हणाल्या, "हे साखरपाणी आहे, बाई. ह्यानं जुलाब वाढतात." मैना तोंडातल्या तोंडात एकच म्हणत होती, "म्याच पाजलं. माझ्या हातानं पाजलं."

संध्याकाळी पोरानं दिवसभरात पहिल्यांदा तिच्या मांडीवर लघवी केली. लुगडं भिजलं, आणि तेव्हा ती हुंदके देऊन रडली. आप्पा कॉटच्या दांडीला धरून उभे होते. पोराच्या अंगावरनं एकदा हात फिरवला आणि डबा घेऊन बाहेर पडले. मला त्यांची चाल बरी दिसली नाही, म्हणून मी मागं गेले.

आप्पा त्याच मेडिकलवर. गर्दीची वेळ. डबा काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही.

"ही वळ वाच. मोठ्यानं. ह्या समद्यांला ऐकू दे."

मेडिकलवाल्यानं डब्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. "आप्पा, एवढं बारीक मला कुठं दिसतंय वो? वय झालं आता. कंपनी माल पाठवती, आमी इकतो."

आप्पांनी नाकावरचा नवा चष्मा काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. "ह्यो लाव आन् वाच."

मेडिकलवाल्यानं चष्म्याला हात लावला नाही. "तुमचा नंबर मला कसा चालंल, आप्पा? खरंच दिसत न्हाय मला. देवाशपथ!"

लोक बघत होते. आप्पांनी चष्मा उचलला, डबा उचलला, आणि आम्ही दवाखान्यात परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलवाला आमच्या दुकानात आला. बाकावर माणसं बसली होती. त्यांच्याकडं बघत, जरा मोठ्यानंच म्हणाला, "मॅडम, जवळचं लई कमी झालंय. एकदा तपासा बरं. नंबर काय निघंल तो कागदावर लिहून द्या."

मी त्याला खुर्चीवर बसवलं. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. वाचायचा तक्ता हातात दिला. तो औषधांची बारीक नावं वाचायच्या सवयीनं वाचत गेला, भराभर, वरनं खाली. सगळ्यात बारीक ओळसुद्धा कुठंही न अडखळता वाचली.