पाय काय म्हणाले?

तीस वर्षांत ओडीलनं एकाही शर्यतीचा शेवट पाहिला नव्हता. आमच्या हुवेलार गावच्या जत्रेत सायकलवाले चर्चपुढच्या रेषेवर झेप घ्यायचे, अख्खं गाव टाचा उंचावून बोंबलायचं, आणि हा बाबा एल्विराच्या खाणावळीमागच्या खोलीत शेगडीत कोळसे सारत बसलेला. कुणी हाक मारली तर म्हणायचा, "शेवट बघायला हजार डोळे आहेत. गारठलेलं पोर आत आलं आणि पाणी कोमट निघालं, तर त्या हजार डोळ्यांचं काय लोणचं घालायचं?"

आठवडाभर वीटभट्टीवर काम आणि रविवारी मालिश, असा त्याचा जन्म गेला. सामान म्हणाल तर एक जस्ताचा टब, काळा साबण, कापराचं तेल आणि त्याच्या बायकोनं, झुल्मानं, विणलेलं जाड लोकरीचं पांघरूण. ते पांघरूण शेगडीच्या नळकांड्यावर तापत टाकलेलं असायचं. पोरगा आला की आधी अंगावरची ओली लोकर उतरवायची, वारा लागू नये म्हणून छातीशी खोचलेले, भिजून लगदा झालेले वर्तमानपत्राचे कागद खरवडून काढायचे, पावलं पाण्यात, अंगावर पांघरूण, हातात गरम दुधाचा कप. दात वाजायचे थांबले की मग पायांना हात लावायचा. घाई केलेली त्याला खपत नसे.

हात मात्र असे, की पाय त्यांच्याशी बोलायचे. मालिश आटपून ओडील बाहेर आला की एल्विरा त्याच्यापुढे बिअर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "काय ओडील, पाय काय म्हणाले?" आणि हा सांगायचा. एकदा एक बढाईखोर म्हणाला, मी एकट्यानं वारा अंगावर घेत सहा फेऱ्या काढल्या. ओडील म्हणाला, "तुझ्या पोटऱ्या म्हणतात, तू मोठ्या पाठीचा माणूस शोधून त्याच्यामागे मस्त झोप काढलीस." खाणावळ हसून हसून लोळली. पण त्या थट्टेमागे एक गोष्ट पक्की होती: ओडील बोलला की तो शब्द अखेरचा. पंचांशी लोक भांडायचे, ओडीलशी कुणी भांडलं नाही.

फिर्मिन त्याच्याकडे आला तेव्हा सोळा वर्षांचा होता, नुसता काटक्यांचा भारा. ओडील-झुल्माला मूलबाळ नव्हतं. झुल्मानं त्याला पोटाला बांधायला लोकरीचा पट्टा विणला, सूप पाजून पाजून माणसात आणला. अकरा वर्षं त्या पोराच्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. बाहेरगावच्या शर्यती त्यानं बऱ्याच मारल्या, हुवेलारची मात्र कधी जमली नव्हती.

फेब्रुवारीत झुल्मा गेली. माती लोटून झाल्यावर फिर्मिन ओडीलचा दंड धरून म्हणाला, "काका, यंदा आपल्या जत्रेची शर्यत मी मारणार. तो विजयाचा गुच्छ काकूंचा. शब्द देतो." ओडील काही शब्दांवर भाळणारा माणूस नव्हे. पण या शब्दावर त्यानं उन्हाळा काढला. त्याच्या बोटांचे सांधे सुजत चालले होते, डॉक्टरनं मालिश बंद करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "एवढी जत्रा होऊ दे." शर्यतीच्या दिवशी सकाळी त्यानं थडग्यावरची जुनी फुलं काढून टाकली, जस्ताची फुलदाणी राखेनं घासली आणि ताज्या पाण्यानं भरून फुलांवाचून तशीच ठेवून आला.

ऑक्टोबरचा पाऊस होता, हाडात शिरणारा. शेवटची फेरी लागली तेव्हा कर्ण्यावरून ओरडा आला: पुढे दोघंच, आपला फिर्मिन आणि शेजारगावचा रेमी. ओडीलनं दुधाचं भांडं शेगडीवर चढवलं. मग बाहेर एकदम गलका उठला, आणि लगेच हळहळ. अर्ध्या चाकानं रेमी.

ओडील स्टुलावर बसला. डोळे भरून आले त्याचे, खोटं कशाला सांगू! पण फिर्मिन चिखलानं माखून दारात उभा राहिला तेव्हा ओडीलनंच त्याला जवळ घेतलं. "अरे वेड्या, अर्ध्या चाकाला हरणं म्हणतात होय? जीव ओतलास, झालं. काकू काय रागावणार आहे?" फिर्मिननं मान खाली घातली. ओडीलला वाटलं, पोराला रडू येतंय.

त्यानं पावलं टबात घेतली, पांघरूण पाठीवर टाकलं, कप हातात दिला. फिर्मिन दूध प्यायला. एक थेंब सांडला नाही. शेवटच्या झेपेनंतर माणसाच्या हातातला कप बशीवर खडखड वाजतो, हे ओडीलनं तीस वर्षं ऐकलं होतं. आज कप गप्प होता.

मग त्यानं घोट्यापासून वर हात चालवला. पाय दमलेले होते, नाही कोण म्हणतो? चिखलातले एकशे तीस किलोमीटर होते ते. पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जीव टाकलेल्या माणसाची मांडी गुडघ्याच्या वर पाऊण तास फडफडत राहते, थांब म्हटलं तरी थांबत नाही. ही मांडी शहाण्यासारखी पडून होती. ओडीलनं दुसरी मांडी पाहिली. पुन्हा पहिली पाहिली. वाटलं, आपलीच बोटं सुजलीत, त्यांना कळत नसेल. पण बोटांना कळलं होतं.

"कधी ठरलं?" त्यानं विचारलं.

"काय ठरलं, काका?"

"फिर्मिन, मी काही पाद्री नाही. पण तुझे पाय माझ्या हातात आहेत."

पोरानं कप खाली ठेवला. मग फिर्मिन म्हणाला, "शेवटून दुसऱ्या फेरीत. रेमीला ही शर्यत हवीच होती. काका, सगळेच विकतात हो! तुम्हाला काय ठाऊक नाही? माझ्या घरावर अजून छप्पर नाही, बायकोला दिवस गेलेत…"

ओडीलला ठाऊक होतं. जत्रेच्या शर्यती विकल्या जातात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो मांडी चोळत राहिला.

हात थांबले नाहीत हे पाहून फिर्मिनला उलट धीर आला. "आणि गुच्छाचं मी विसरलो नाही हं! ती तर माझी पहिली अट. रेमी आत्ता आणून देईल तुमच्या हातात, सगळ्यांसमोर. काकूंना फुलं मिळाल्याशी कारण, नाही का?"

"फुलं तर बाजारात मिळत होती रे," ओडील म्हणाला.

तेवढंच. त्यानं दुसऱ्या पायाची मालिश पुरी केली, कारण अर्धवट मालिश करून कुणाला उठवायचं नाही हा त्याचा नियम होता. पायांवरचं तेल पुसलं. हात धुतले, दोनदा.

दोघं बाहेर आले तेव्हा खाणावळ खचाखच भरली होती. फिर्मिन पांघरूण लपेटून टेबलाशी बसला आणि लोक त्याची पाठ थोपटायला लागले. एवढ्यात रेमी उठला. मोठा डेलियांचा गुच्छ त्यानं ओडीलच्या हातात दिला, टोपी काढली आणि म्हणाला, "झुल्माबाईंसाठी." टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन म्हाताऱ्यांनी डोळे टिपले. केवढं मन म्हणे रेमीचं! ओडील गुच्छ धरून उभा राहिला. आयुष्यात असा ओशाळा तो कधी झाला नव्हता, आणि चूक तर त्याची तसूभर नव्हती.

एल्विरानं नेहमीप्रमाणे बिअर ठेवली. नेहमीप्रमाणे विचारलं, "काय ओडील, पाय काय म्हणाले?"

सगळे ऐकायला वळले. फिर्मिननं वर पाहिलं. सोळा वर्षांचा होता तेव्हा पडून आल्यावर असंच बघायचा. एक खोटं वाक्य, बस्स. पोराचं नाव राहिलं असतं, गाव खूश झालं असतं. ओडीलनं तोंड उघडलंही. पण ते वाक्य त्याला येईना.

"पाय म्हणाले," तो म्हणाला, "आमची शर्यत अजून व्हायची आहे."

कुणी हसलं नाही. रेमी आपल्या बुटांकडे बघायला लागला. ओडीलनं गुच्छ त्याच्यापुढे टेबलावर ठेवला, मग फिर्मिनजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावरचं पांघरूण दोन्ही हातांनी उचललं.

"काका, अहो…"

"तुला कुठे थंडी वाजतेय?" ओडील म्हणाला.

पाऊस चालूच होता. कब्रस्तानात जाऊन त्यानं फुलदाणीतलं पाणी ओतून दिलं, ती उपडी ठेवली आणि घरची वाट धरली. दात वाजायला लागले तेव्हा अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, की तीस वर्षांत ते पांघरूण आपण स्वतः कधी घेतलंच नाही. तो थांबला आणि त्यानं ते अंगाभोवती गुंडाळून घेतलं. फिर्मिनच्या अंगाची ऊब अजून त्यात होती.