इतिहास तपासायला आलेले साहेब

दुष्काळाच्या साली घोडेगावजवळच्या एका दोनखोली शाळेत मी गुरुजी होतो. तिथे एकदा एक साहेब तपासणीला आले. बसण्याआधी त्यांनी खुर्ची रुमालाने झटकली, तोच रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "चौथीचा इतिहास बघू."

धडा एका जुन्या राजाचा होता. साहेबांनीच विचारलं, "दुष्काळ पडला तेव्हा राजाने काय केलं?"

"धान्याची कोठारं उघडली!" पोरं एका सुरात ओरडली.

साहेबांनी समाधानाने डोळे मिटले. जणू किल्ल्या त्यांच्याच खिशात होत्या.

तेवढ्यात सखू उभी राहिली. तिचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. "सायेब, आता कुनी उघडायची वो?"

साहेबांनी डोळे उघडले. "हे पुस्तकात आहे का?"

"न्हाई."

"मग खाली बस." आणि माझ्याकडे वळून ते गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, इतिहासाच्या तासाला आजचं काही शिरू देऊ नका. मुलं बिघडतात."

सरपंचांकडे जेवण तयार होतं. मटणाचा वास शाळेपर्यंत येत होता आणि साहेबांचं लक्ष राजावरून केव्हाच उडालं होतं. जीपमध्ये चढताना मात्र त्यांना सखू आठवली. "ती मुलगी इतिहासात कच्ची आहे. याच वर्गात ठेवा तिला."

मी "बरं साहेब" म्हणालो. जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली, ती पुन्हा कधी आली नाही.

वार्षिक परीक्षेत सखूला मी इतिहासात पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पाचवीत घातलं. पेपरात तिने दोन राजांची अदलाबदल केली होती. तिकडे मी काणाडोळा केला.