आत्याची करंगळी

मुलांनो, तुमच्या तिकडे हाताची दबलेली नस सोडवून माणसाला त्याच संध्याकाळी घरी पाठवतात, असे तुम्ही लिहिलेत. माझ्या आत्याची नस सोडवली तेव्हा मी सोलापुरात इंग्रजी पाचवीत होते.

आत्याची करंगळी बधिर झाली होती आणि शेजारचे बोटही आत वळू लागले होते. सांगोल्याला तिच्या सासरी सर्वांनी एकच अर्थ काढला: महारोग. तिची तान्ही मुलगी ठेवून घेतली आणि तिला आमच्या दारात आणून सोडले.

मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासले. अंगावर चट्टा नव्हता. लहानपणी मोडलेले कोपर वाकडे जुळले होते आणि त्याच्या मागून जाणारी नस ताणून दबत चालली होती. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "कोपर उघडून नस पुढच्या बाजूला आणते. पण बोटाला पुन्हा कळू लागेलच, असे वचन देत नाही." मी आत्याला जसेच्या तसे सांगितले.

"कापा म्हणावं," ती म्हणाली.

जखम भरली. बोटे जराशी सरळ झाली. दिवाळीनंतर सासू खात्री करायला आली आणि उंबऱ्यापाशीच बसली.

"डॉक्टरीण काय बी सांगंल. डोळं बांदा तिचं, अन् सुई टोचून दावा."

"माजी लेक हाय, गोधडी न्हाय," आजी म्हणाली. पण सुई तिनेच काढून दिली. सासू आत्याला शिवायला तयार नव्हती, म्हणून ती सुई माझ्या हातात आली.

आत्याने स्वतःच डोळ्यांवर पदर बांधून हात पुढे केला. सासूकडे माझी पाठ होती. मी सुई करंगळीजवळ नेली आणि थांबले, धीर होईना. सुई अजून टेकलीही नव्हती.

"लागली की," आत्या म्हणाली.

"खरं?" सासूने विचारले.

"लई लागली."

सासू उंबऱ्यापासून उठली. मग म्हणाली, "उद्याच्या गाडीनं चल. पोरगी रडून रडून वाळलीया."

निघताना आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला. करंगळी गारठलेली होती. तिला माझा गाल कळला का, हे विचारायला मी तोंड उघडले, तर तिने नुसती नकारार्थी मान हलवली. विचारू नकोस म्हणाली, की कळला नाही म्हणाली?

अजूनही कधी झोपेतून दचकून उठते, तेव्हा ते गार बोट माझ्या गालावर असते.