राहून गेलेलं आवतण

धामणगाव बढ्यात गोजरबाईंना ओळखत नाही असं पोर सापडायचं नाही. ते काही त्यांच्या वांग्यांमुळे नव्हे. वांगी काय, पुष्कळ जणींची चांगली असतात. गोजरबाईंची कीर्ती आहे टीव्हीतली. अंगाला घट्ट कपडे घालून उडणाऱ्या आणि दर आठवड्याला दुनिया वाचवणाऱ्या वीरांच्या मालिका नात वैष्णवी लावते, आणि आजी शेंगा निवडता निवडता तिसऱ्याच भागात सांगून टाकते, की वीराच्या दोस्तांपैकी पुढे कोण उलटणार. आजवर एकदाही त्यांचा अंदाज चुकलेला नाही. शाळेतली पोरं पैज लावायच्या आधी त्यांच्या ओट्यावर येऊन विचारून जातात. पैज लावणं वाईट असतं हे बाई आधी बजावतात आणि मग उत्तरही देऊन टाकतात.

यंदाच्या मालिकेतला वीर निळ्या कपड्यांचा होता. त्याचं इंग्रजी नाव जिभेवर बसेना, म्हणून बाईंनी त्याला निळ्या करून टाकलं. त्याचा एक चष्मेवाला दोस्त होता. निळ्याची हत्यारं तो बनवायचा, फाटलेले कपडे तो शिवायचा, जखमांना पट्ट्या तो बांधायचा.

"हा पलटते," गोजरबाई म्हणाल्या.

"आजी, काहीबी नको सांगू. तो तं सगळ्यात चांगला हाय. त्यानंच निळ्याचा जीव वाचवला."

"म्हणूनच पलटते."

जन्मापासून वाईट असलेल्या खलनायकात बाईंना गोडी नव्हती. कडू कारलं तुपात तळलं तरी कडूच, त्यात बघायचं काय? त्यांचा जीव अडकायचा तो हळूहळू कडू होत जाणाऱ्या माणसात. "लढाई पाहू नको," त्या वैष्णवीला सांगत. "लढाई सरल्यावर पाह्य. सारे निळ्याच्या गळ्यात पडतात. तवा मांगं कोण उभा हाय अन् त्याच्याकडं कोणी पाह्यते का, तेवढंच पाह्य." तो मागचा माणूस मग रुसतो, मग खोटं बोलतो, मग कुठलंसं यंत्र चोरतो आणि शेवटी अर्धं शहर जाळायला निघतो. "शहर जळू देल्यापरीस," असं बाईंचं ठाम मत होतं, "एखांद्यानं त्याले चहाले बलावलं असतं तं भागलं असतं."

आता एवढी पारख असलेल्या बाईला स्वतःच्या बांधापलीकडचा माणूस दिसू नये, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बांधापलीकडचा माणूस म्हणजे उकंडराव. चोवीस वर्षांपूर्वी गोजरबाईंचे यजमान शेषराव विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. मुलगा गोपाल तेव्हा बारा वर्षांचा होता. तेरवी झाली, मृग लागला, शिवारभर पेरण्या सुरू झाल्या, आणि गोजरबाईंच्या अडीच एकरांत ढेकूळही हललं नाही. भाऊबंद येऊन हळहळून गेले. हळहळीने पेरणी होत नाही. एका सकाळी बाई वावरात गेल्या तर उकंडराव तिफण धरून निम्मं वावर पेरून मोकळे झालेले. ना सांगणं ना विचारणं. पुढे त्यांचे बैल, शेऱ्या आणि बांड्या, आणि मागे ते.

"भाऊजी, याचं काय द्याचं?" बाईंनी विचारलं होतं.

"बैलाइले पोयाच्या दिशी जेवू घालजा, वयनी. मले काय लागते?"

तेव्हापासून पेरणी असो, डवरणी असो, उकंडरावांची जोडी आधी गोजरबाईंच्या वावरात फिरायची आणि मग स्वतःच्या. बैल म्हातारे झाले, नवे आले, नावं मात्र तीच राहिली. बाईंनीही शब्द पाळला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या तूप-हळद घेऊन उकंडरावांच्या गोठ्यात जात. वर्षभर जू वाहून कठीण झालेले बैलांचे खांदे पळसाच्या पानाने शेकत आणि रीतीप्रमाणे बैलांच्या कानाशी म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवलेली, झुली घातलेली जोडी दारात उभी राही. बाई बैलांचे पाय धूत, कुंकू लावत, पुरणपोळी भरवत. तोवर उकंडराव कासरा धरून उभे. मग तेही ओसरीवर बसून चार घास खात. बैलांमागे माणूस आलाच, त्याला वेगळं काय बोलवायचं? अशी बावीस वर्षं गेली.

मग गुरांत लम्पीची साथ आली आणि बांड्या गेला. जोडी मोडली. एकट्या शेऱ्याला उकंडरावांनी लेकीच्या सासरी देऊन टाकलं. पुढच्या पेरणीला गोपालने ट्रॅक्टर सांगितला. त्याच्या मनात खोट नव्हती. काकांकडे बैलच नाहीत, त्यांना कशाला तसदी, एवढा साधा त्याचा हिशोब. ट्रॅक्टर उकंडरावांच्याच बांधावरून गोजरबाईंच्या वावरात गेला आणि दीड तासात काम उरकून त्याच वाटेने परत आला. त्या वर्षीच्या पोळ्याला बाईंनी बाजारातून मातीचे बैल आणून पुजले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच.

इकडे उकंडराव हळूहळू फिरले. आधी चहाला थांबेनासे झाले. मग पानठेल्यावर चारचौघांत म्हणाले, की गोजरबाईची वांगी म्हणजे निरी औषधाची फवारणी. मग म्हणाले, तिच्या मोटारीनं माझ्या विहिरीचं पाणी ओढलं. आणि यंदा, पोळा आठ दिवसांवर असताना, त्यांनी बांधावरची वाट बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकून बंद केली. गोजरबाईंच्या वावराला दुसरी वाटच नाही. वांग्याचे क्रेट डोक्यावर घेऊन चिखलातून लांबचा वळसा घालावा लागला. गोपाल भांडायला गेला तर उकंडराव म्हणाले, "वाट तुई हाय असा कागद दाखव."

गोपालने मोताळ्याच्या तहसीलीत द्यायचा अर्ज लिहून आणला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी द्यायचा. गोजरबाईंनी त्यावर सही केली आणि करताना म्हणाल्याही, "पलटला मेला. बावीस साल खाल्लं माह्या ओसरीवर." रागात माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. एकदा अर्ज गेला की तारखा पडतात, साक्षीदार होतात, आणि दोन घरं नातवंडांपर्यंत एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत, हे त्यांनी शिवारात चारदा पाहिलं होतं. वाट मिळाली असती. ज्याने लेकराला उभं केलं तो माणूस मात्र गेला असता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मालिकेचा शेवटचा भाग लागला. चष्मेवाल्याने शहर पेटवलं होतं. उंच इमारतीवर उभा राहून तो निळ्याला ओरडून विचारत होता, की मी तुझ्यासाठी काय नाही केलं, तू एकदा तरी माझ्याकडे वळून पाहिलंस का?

"आजी, तू जितली!" वैष्णवी टाळ्या पिटत म्हणाली. "पण तुले तिसऱ्याच भागात कसं समजलं?"

"निळ्यानं नवी गाडी आणली ना, तवा," बाई शेंगा सोलत म्हणाल्या. "जुनी गाडी हा चष्मेवाला चालवे. नवी आपोआप चाले. निळ्या बसला अन् गेला भुर्रकन. याले एका शब्दानं सांगतलं नाही. हा आपला जुन्या गाडीची किल्ली हातात धरून उभा..."

बाईंचा हात शेंगांतच थांबला.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी उकंडराव बांधावर उभे होते. बाईंनी त्यांना पाहिलं होतं, पण त्या घाईत होत्या. उकंडरावांच्या हातात कासरा होता. गोठ्यात बैल नाही, आणि हातात कासरा. पेरणीचा दिवस म्हणून सवयीने उचलून आणला असेल. ट्रॅक्टर जाईपर्यंत तो माणूस तसाच उभा होता, आणि कोणी त्याला म्हटलं नाही, की भाऊजी, बसा, चहा घ्या.

"बाई वं," गोजरबाई हळूच म्हणाल्या. "निळ्या तं मीच निंघाली."

त्यांना रडू आलं आणि लाजही वाटली. पण गोजरबाई रडत बसणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी वैष्णवीला पळसाची पानं आणायला पिटाळलं, तूप कढवलं, त्यात हळद घातली.

दिवस मावळता मावळता दोघी उकंडरावांच्या दारात पोहोचल्या. उकंडराव ओट्यावर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, सत्यभामाबाई, तांदूळ निवडत होत्या.

"वाटेचं बोलाले आली असशीन तं आल्या पावली वापस जाय, वयनी," उकंडराव तोंड फिरवून म्हणाले.

"वाट गेली चुलीत. अंगरख्याची गुंडी काढा. खांदा दाखवा."

"काय?"

"खांदा. शेकाचा हाय."

सत्यभामाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "गोजर, लोकं काय म्हणतीन वं?"

"साठी उलटलेल्या बाईले कोणी काही म्हणत नाही. अन् म्हटलं तं म्हणू दे. माहं चुकलं तवा कोणी सांगाले आलं नाही, आता कशाले येतीन?"

त्यांनी पळसाचं पान कोमट तुपात बुडवलं आणि उकंडरावांच्या खांद्यावर ठेवलं. तिफण, डवरा, पोती, आणि चोवीस वर्षांपूर्वी शेषरावांची तिरडी, सगळं वाहिलेला खांदा. हाडं वर आली होती. उकंडराव हलले नाहीत. बाई शेकत होत्या आणि बोलत होत्या, रीतीत नसलेलं बोलत होत्या.

"भाऊजी, तुमी होते म्हणून माहं लेकरू उभं राह्यलं. मी हे तुमाले कधी सांगतलं नाही. बैलाइले सांगतलं. बावीस साल मी बैलाइले आवतन देलं अन् तुमी बैलाइच्या आवतनावर जेवले. बैल गेले, तं मले वाटलं, आता कोणाले बलवाचं? घ्या. पहिल्यांदा देऊन राह्यली. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उकंडरावांनी फिरवलेलं तोंड वळवून बाईंकडे पाहिलं. मग ओल्या आवाजात म्हणाले, "बैलाले तोंड नसते, वयनी. मले तं होतं. माहंबी चुकलंच. मीनं तोंड उघडलं, पण पानठेल्यावर उघडलं."

"मंग उद्या खाले उघडजा," बाई म्हणाल्या, आणि सत्यभामाबाई सूप बाजूला ठेवून डोळ्यांना पदर लावत हसल्या.

घरी गोपाल चिडला होता. "अन् अर्जाचं काय?"

"डब्यात राहू दे. उद्या आधी पाट मांड."

पोळ्याच्या दुपारी उकंडराव आणि सत्यभामाबाई आले. उकंडरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नवी होती. बैलांच्या सवयीने ते अंगणातच थांबले, कुठे उभं राहावं हे न सुचून. मालिकेतला वीर असता तर आता लांबलचक भाषण झालं असतं. गोपालला भाषण येत नाही. आईने डोळ्याने खुणावल्यावर त्याने नुसता तांब्या उचलला आणि काकांचे पाय धुतले. मग हातांवर पाणी घातलं, आणि घालता घालता त्याला दिसलं, की काकांच्या दोन्ही हातांवर ताजे ओरखडे होते. बोरीच्या काट्यांचे. बोराट्या काढल्याचं उकंडरावांनी सांगितलं नाही आणि गोपालनेही विचारलं नाही. तो आत गेला, डब्यातला अर्ज काढला आणि चुलीत घातला.

यंदा ताट ओसरीवर नव्हतं, घरात होतं, पाटावर, शेषराव बसायचे त्या जागी. गोजरबाईंनी कुंकू लावलं आणि पुरणपोळी वाढली.

वैष्णवी बराच वेळ विचारात पडली होती. शेवटी राहवेना म्हणून आजीच्या कानाशी लागली. "आजी, टीव्हीत तं तो चष्मेवाला शेवटी मेला. निळ्यानंच मारला."

"मारीनच," गोजरबाई तुपाची वाटी उचलत म्हणाल्या. "त्याइच्यात पोयाचा सण नसते ना."

आणि उकंडराव नको नको म्हणत असताना त्यांनी दुसऱ्या पोळीवर तुपाची धार सोडली.